समुद्राला गेलेलं पाणी ‘वाया’ गेलं म्हणायचं आता थांबवू या

आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, आणि तिथनं जवळच रानातनं कळसा नाला पश्चिमेकडं पळतो तो म्हादईला जाऊन मिळतो. म्हणजे बघा, ढग एकच, खरं त्यातला पाऊस एका अंगाला पडला तर मलप्रभेतनं नविलुतीर्थ, रामदुर्ग, बदामी करत कूडलसंगमला कृष्णेत जातो आणि शेवटी पार आंध्रात बंगालच्या उपसागराला लागतो, आणि तोच पाऊस थोडं पलीकडं पडला तर म्हादई, गोव्यात तिचीच मांडवी, आणि पणजीला अरबी समुद्र. लहानपणी जांबोटीला मामाकडं जायचो तेव्हा मामा हे असं सांगायचा की आपण दोन समुद्रांच्या उंबऱ्यावर राहतो. तेव्हा ते गोष्टीसारखं वाटायचं, आता वाटतं की आपल्या भागाबद्दल याच्याइतकं खरं कुणी काही सांगितलंच नाही.

कळसा-भांडुरा या नाल्यांचं म्हादईला जाणारं पाणी मलप्रभेत वळवायचं असं कर्नाटक म्हणतंय आणि गोव्याचा त्याला विरोध आहे. या म्हादईच्या वादावर आपल्याकडं इतकं बोललं गेलंय की नवीन काही बोलायचं म्हटलं तरी लोक कंटाळतात. तरी लिहायलोय, कारण एका शब्दावर माझं मन अडलंय. बेळगावात काय, हुबळीत काय, कुठल्याही सभेत जावा, कन्नड असो की मराठी, एक वाक्य ठरलेलं असतं : “इतकं गोड पाणी उगाच समुद्रात वाया जातंय.” गेल्या वर्षी एका बैठकीत बसलो होतो, तिथं बोलणाऱ्यानं हे वाक्य अर्ध्या तासात निदान सहा वेळा म्हटलं आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मी पण आधी हेच म्हणायचो. आता म्हणवत नाही. पाणी वळवावं की नाही, किती वळवावं, हा वेगळा प्रश्न, त्यावर माझं मत पुढं सांगतोच. खरं समुद्राला मिळालेलं पाणी वाया गेलं हे म्हणणं चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे दाखवणारी समुद्राच्या रंगाची एक मोजणी सातशे किलोमीटर वरनं उपग्रहांतनं रोज चाललीय, ती आपल्या या वादात कुणीच टेबलावर ठेवत नाही, एवढंच मला सांगायचंय.

सुरुवात मासळी बाजारातनं करतो. रविवारी सकाळी बेळगावात मासळी घ्यायला गेलात तर बांगडा, तारली, सौंदाळे, कोळंबी असं जे काय बर्फातनं निघतं ते सगळं घाट चढून आलेलं असतं, गोव्याकडनं चोर्ल्यानं, मालवण-वेंगुर्ल्याकडनं आंबोलीनं, आणि कारवारकडनं. आमची नेहमीची मासळीवाली मावशी तारली साफ करताना मी एकदा नीट बघत उभा राहिलो. तिनं अंगठ्यानं पोट फाडलं आणि आतला लगदा बाजूला काढला, तो हिरवट-काळसर, शेवाळ चोळल्यासारखा. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, “खाल्लेलं असतंय ते, समुद्रातली पालेभाजी.” मावशीनं एका शब्दात जे सांगितलं ते मला पुस्तकातनं समजायला वर्ष लागलं. तारलीच्या पोटातला तो लगदा म्हणजे बहुतेक वनस्पती प्लवक, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, पाण्यात तरंगणाऱ्या, एकेका पेशीच्या वनस्पती. त्यांच्यातल्या डायटम नावाच्या प्रकारावर तारली खूश असते. बांगडा पण प्लवक खातो, छोटे प्राणी-प्लवक जास्त, आणि ते छोटे प्राणी परत याच हिरव्यावर जगतात. सुरमई तारली खाते. शेवटी सगळं या हिरव्यावरच उभं आहे.

हे हिरवं म्हणजे हरितद्रव्य, क्लोरोफिल, आपल्या भाताच्या पातीत असतं तेच. पृथ्वीवर सूर्यप्रकाशापासनं जेवढं अन्न तयार होतं त्यातलं जवळजवळ अर्धं समुद्रातल्या या बारीक जिवांनी केलेलं असतं, आणि गंमत म्हणजे एकूण वनस्पतींच्या वजनात त्यांचा वाटा टक्काभरसुद्धा नाही. जमिनीवरचं झाड वर्षानुवर्षं उभं राहतं, हे आठवडाभरात जन्मतात, खाल्ले जातात, परत जन्मतात. म्हणून साठा कमी आणि उलाढाल प्रचंड, भाजीच्या गाड्यासारखं. (“तुमचा दर दुसरा श्वास समुद्राचा” असं मोबाईलवर फिरतं ते मला तितकं पटत नाही, कारण समुद्रात तयार झालेला बराचसा ऑक्सिजन समुद्रातच परत वापरला जातो. अन्नाचं मात्र पक्कं आहे.)

आता हे वरनं मोजतात कसं. तत्त्व एकदम साधं आहे. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश पितं आणि हिरवा सोडून देतं. त्यामुळं ज्या पाण्यात प्लवक नाही ते गडद निळं दिसतं, प्लवक वाढलं की निळा कमी होत जातो आणि पाणी हिरव्याकडं झुकतं. उपग्रहावरचा कॅमेरा निळ्याचा एक ठरावीक पट्टा, साधारण ४४३ नॅनोमीटरचा, आणि हिरव्याचा एक, साधारण ५५५ चा, असे वेगवेगळे मोजतो आणि त्यांचं गुणोत्तर काढतो. त्या गुणोत्तरावरनं एका घनमीटर पाण्यात किती मिलिग्रॅम हरितद्रव्य आहे ते सांगतात. एक घनमीटर म्हणजे आपल्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी. भर समुद्रात त्या टाकीभर पाण्यात हरितद्रव्य ०.१ मिलिग्रॅम किंवा त्याच्याहून कमी असतं, किनाऱ्याला प्लवक फुललं की एक, पाच, दहा मिलिग्रॅमपर्यंत जातं. मोहरीचा एक दाणा साधारण दोन-तीन मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे टाकीत मोहरीच्या दाण्याचा विसावा-तिसावा भाग हिरवं कालवलं की तेवढा फरक सातशे किलोमीटर वरनं ओळखायचा असतो! मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

आणि अडचण काय, तर उपग्रहाकडं जो प्रकाश पोचतो त्यातला जवळजवळ ९० टक्के पाण्यातनं आलेलाच नसतो, तो हवेतनं, धुळीतनं, बाष्पातनं विखरून आलेला असतो. तो आधी हिशोबानं वजा करायचा आणि उरलेल्या दहा टक्क्यांत समुद्र शोधायचा. कल्लोळात लांबनं कुणाची तरी हाक ऐकायची तसं आहे हे काम. तरी माणसानं ते जमवलं. पहिला असा कॅमेरा अमेरिकेच्या निंबस-७ वर १९७८ ला गेला आणि १९८६ पर्यंत चालला, मग मध्ये मोठी खंड पडली, आणि १९९७ ला सीविफ्स नावाचा कॅमेरा वर गेल्यापासनं आजपर्यंत कुठला ना कुठला उपग्रह जगाच्या समुद्राचा रंग सलग मोजतोच आहे. आपण पण मागं नाही. २६ मे १९९९ ला इस्रोनं श्रीहरिकोट्यावरनं ओशनसॅट-१ सोडला, त्यावर समुद्राचा रंग मोजायचा आठ पट्ट्यांचा कॅमेरा होता, ३६० मीटरचा एकेक ठिपका बघणारा. सप्टेंबर २००९ ला ओशनसॅट-२ आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला ओशनसॅट-३, याच्यावर आता तेरा पट्टे आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नासाचा पेस गेला, तो तर शेकडो बारीक पट्ट्यांत रंग मोजतो, त्यामुळं नुसतं हिरवं किती एवढंच नाही तर कुठल्या प्रकारचं प्लवक असेल त्याचाही अंदाज येतो.

हे सगळं नुसतं शास्त्रज्ञांच्या कपाटात पडून आहे असं पण नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडनं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य दोन्ही बघून मासे कुठं मिळायची शक्यता जास्त आहे याचा सल्ला मच्छीमारांना त्यांच्या त्यांच्या भाषेत दिला जातो. म्हणजे मावशीच्या टोपलीतल्या बांगड्यामागं एखादेवेळी उपग्रह असू शकतो. डिझेल वाचतं, शोधाशोध कमी होते. खरं माझा आजचा मुद्दा मासे शोधण्याचा नाही, नदीचा आहे.

प्लवकाला वाढायला ऊन लागतं ते समुद्राला भरपूर आहे. दुसरं लागतं ते खत : नायट्रेट, फॉस्फेट, थोडं लोह, आणि डायटमला जास्तीचं सिलिका, कारण डायटम आपल्याभोवती काचेचं कवच बांधतो. हे सिलिका येतं कुठनं? खडक झिजून. आपल्या सह्याद्रीच्या दगडावर, जांभ्यावर हजारो वर्षं पाऊस पडतोय, पाणी त्यातनं झिरपतं, थोडं थोडं विरघळवून घेतं आणि ओढ्या-नाल्यातनं नदीत नेतं. जगातल्या समुद्रांना नव्यानं मिळणाऱ्या सिलिकाचा मोठा वाटा नद्याच आणून देतात. म्हणजे भीमगडच्या जंगलात, देगावच्या बाजूला म्हादई जिथं उगम पावते तिथला दगड झिजून शेवटी एखाद्या डायटमचं कवच होतं, ते तारलीच्या पोटात जातं, आणि ती तारली चोर्ला घाट चढून परत आपल्या ताटात येते. याला ‘वाया’ म्हणायचं का?

नदी अडवली की काय होतं याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण नाईल नदीचं. इजिप्तनं आस्वानला मोठं धरण बांधलं, १९६४ पासनं पाणी अडायला लागलं. त्याच्या आधी दर वर्षी पुराचं गढूळ पाणी भूमध्य समुद्रात घुसलं की डेल्ट्याच्या तोंडाशी डायटमचा प्रचंड फुलोरा यायचा आणि त्याच्यामागं तारलीच्या जातीचे मासे यायचे. १९६२ ला तिथं साधारण १८ हजार टन तारली मिळाली होती, दशक संपता संपता ती हजार टनाच्याही खाली गेली. पाणी अडलं, गाळ अडला, खत अडलं, सिलिका अडलं. तिथले लोक काय मूर्ख नव्हते, त्यांना शेतीला पाणी पाहिजे होतं, वीज पाहिजे होती, ती मिळाली. खरं समुद्राचा हिशोब वहीत मांडलाच नव्हता. तेव्हा उपग्रह नव्हते, मासे कमी झाल्यावर कळलं. आणि पुढं ऐंशीच्या दशकात तिथं मासे परत वाढले, त्याचं एक मोठं कारण म्हणून अभ्यासक शहरांचं सांडपाणी आणि शेतातनं वाहून येणारं रासायनिक खत दाखवतात. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण हिरवं दिसलं म्हणजे चांगलंच असं नसतं. आपल्या बळ्ळारी नाल्यावर जलपर्णी कशी हिरवीगार पसरते ते येळ्ळूर-वडगावच्या शेतकऱ्यांना विचारा, त्या हिरव्याला कुणी समृद्धी म्हणणार नाही.

आता इथं मी प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण मांडतो, नाहीतर मी पण त्या बैठकीतल्या भाषणासारखाच झालो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र जो हिरवा होतो त्याचं मोठं कारण नदी नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातलं थंड, खतानं भरलेलं पाणी किनाऱ्याला वर येतं, केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्याला हे जोरात, गोव्याकडं येता येता कमी. बांगड्या-तारलीचं मुख्य ताट तिथं मांडलं जातं. त्यामुळं म्हादईचं पाणी वळवलं की अरबी समुद्र ओस पडेल असं कुणी म्हणत असेल तर ते पण खरं नाही. म्हादईच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाचे आकडे बघा. ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात म्हादईच्या खोऱ्यात खात्रीचं पाणी सुमारे १८८ टीएमसी (अब्ज घनफूट) धरलंय, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, आणि कळसा-भांडुराचं मलप्रभेत वळवायचं ते १.७२ आणि २.१८ मिळून ३.९. म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे एकतीस कोटी लिटर, त्यामुळं ३.९ हा आकडा छोटा नाही, खरं नदीच्या मानानं तो नदीचा जीव घेणारा आहे असं नुसत्या बेरजेवरनं म्हणता येत नाही. तो पाऊस भरभरून असताना काढला तर एक परिणाम, नदी आटत आलेली असताना काढला तर वेगळाच, आणि उगमाजवळच्या नाल्याला, तिथल्या जंगलाला होणारा परिणाम तर दोन टक्क्यांच्या हिशोबात बसतच नाही.

आणि मलप्रभेच्या बाजूचं दुःख मला परकं नाही. सौंदत्तीकडं आमचे एक जुने ओळखीचे शेतकरी आहेत, कन्नड बोलणारे, आम्ही त्यांना अण्णाच म्हणतो. त्यांच्या बांधावर उभा राहून मी कालवा कोरडा बघितलाय. नविलुतीर्थाचं धरण ३७.७३ टीएमसीचं, खरं भरायचं म्हटलं की वर्षानुवर्षं वाट बघायची, हुबळी-धारवाडला प्यायला पाणी तिथनंच जातं. नरगुंद-नवलगुंदच्या शेतकऱ्यांनी २०१५ पासनं किती दिवस धरणं धरलं ते सगळ्यांनी बघितलं. अण्णा मला एकदा म्हणाले, मराठीतनंच, “तुमी समुद्राची काळजी करालाय, माझी बाई तीन किलोमीटर घागर घेऊन जाती.” याला उत्तर नाही. प्यायच्या पाण्याचा हक्क पहिला, हे मी मनापासनं मानतो, आणि लवादानं प्यायला दिलेलं पाणी मिळावं असंच माझं मत आहे.

खरं मी अण्णांना एवढंच म्हटलं की घागरीसाठी पाणी मागताना समुद्राला शिवी द्यायची काय गरज आहे? “आमाला पाहिजे” एवढं म्हणणं पुरेसं आहे आणि ते खरं पण आहे. “तिकडं वाया जातंय” म्हटलं की घेण्याला मर्यादाच राहत नाही, आज चार टीएमसी वाया, उद्या चाळीस वाया, आणि पलीकडच्या काठावरच्या माणसाला वाटतं की आपल्या नदीला हे लोक गटार समजतात. गोव्यातल्या माणसाची चीड बरीचशी या शब्दाची आहे, असं मला तिथल्या नातेवाइकांशी बोलून वाटतं. त्यांच्यासाठी ती नदी म्हणजे तिसऱ्या, खेकडे, चोडणची तिवरं, बांध घालून खाऱ्या पाण्यापासनं राखलेल्या खाजन जमिनी, आणि खांडेपारवर ओपाला उपसलं जाणारं प्यायचं पाणी. उन्हाळ्यात मांडवीत भरतीचं खारं पाणी कितीतरी किलोमीटर आत चढतं, त्याला मागं रेटायचं काम वरनं येणारं गोडं पाणीच करतं. आणि बोलायचंच तर गोव्याला पण बोलायला पाहिजे, मांडवीत वर्षानुवर्षं खनिजाच्या बार्जी चालल्या, खाणींचा लाल चिखल पावसाबरोबर नदीत आला, २०१२ ला खाणी बंद होईपर्यंत त्याचा हिशोब कुणी ठेवला? नदीला आई म्हणणारे आणि नदीला वाया म्हणणारे, दोघांनी तिचं पाणी मोजलं नाही.

म्हणून मोजा म्हणतोय. खरं इथं उपग्रहावर पण डोळे झाकून विश्वास ठेवायला मी सांगणार नाही, कारण नेमकं आपल्याला पाहिजे तिथंच तो फसतो. भर समुद्रात रंग बदलला तर तो बहुतेक प्लवकामुळंच, तिथं उपग्रहाचं गणित चांगलं जमतं. नदीच्या तोंडाशी तसं नसतं. जंगलातला पाला कुजून पाण्याला कोऱ्या चहासारखा पिवळसर रंग येतो, आमच्या ओढ्यांना श्रावणात बघा कसा असतो, आणि हा पिवळा रंग पण हरितद्रव्यासारखाच निळा प्रकाश पितो. उपग्रहाला वाटतं प्लवक आहे. चिखल असला तर आणखी घोळ, कारण हवेचा प्रकाश वजा करताना असं धरलेलं असतं की अवरक्त प्रकाशात पाणी काळंकुट्ट दिसतं, आणि गढूळ पाणी तसं दिसत नाही, मग सगळी वजाबाकीच चुकते. पावसाळा संपताना ढग फाटतात तेव्हाच्या चित्रांत किनाऱ्याला लागून एक हिरवा-पिवळा पट्टा दिसतो, तो बघून मला आधी किती आनंद झाला होता की हे बघा नदीनं काय दिलं! मग समजलं की त्यातलं किती प्लवक, किती चहा आणि किती चिखल हे वरनं बघून सांगणं अवघड आहे. शिवाय उपग्रहाला वरचं काही मीटर पाणीच दिसतं, खालचं नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ढग. वर्षभराचं बहुतेक पाणी म्हादई जून ते सप्टेंबरमध्ये आणते, आणि त्याच चार महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर आभाळ झाकलेलं असतं. नदी जेव्हा देत असते तेव्हाच वरचा डोळा मिटलेला. त्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला, म्हणजे खालचे डोळे पण मिटलेले. आपल्या सगळ्या वादाचा जो मुख्य प्रश्न, पुराच्या पाण्यानं समुद्राला काय मिळतं, त्याचं उत्तर नेमकं ज्या दिवसांत आहे त्या दिवसांत आकाशातनं नीट बघता येत नाही.

यावर काही लोक म्हणतील की मग उपग्रहाचं एवढं कौतुक कशाला. कौतुक यासाठी की पंचवीस वर्षांहून जास्त काळाची सलग वही दुसऱ्या कुणाकडं नाही. ऑक्टोबर ते मे स्वच्छ दिसतं, दर वर्षीचा फुलोरा कधी सुरू झाला, किती दिवस टिकला, कमी होतोय का वाढतोय, हे त्यातनं कळतं. चांगल्या पावसाच्या वर्षानंतर आणि वाईट वर्षानंतर काय फरक पडला ते शोधता येतं. उणीव आहे ती पाण्यात बाटली बुडवून, गाळून, खरंच किती हरितद्रव्य आहे ते मोजून उपग्रहाच्या आकड्याशी ताडून बघायची, आणि हे काम नदीच्या तोंडाशी सतत, पावसात पण व्हायला पाहिजे. गोव्यात दोना पावलाला १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मांडवीच्या तोंडाच्या जवळच, तिथल्या लोकांनी कांदोळीच्या समोर समुद्रात वर्षानुवर्षं जाऊन मापं घेतलीत. त्यातनंच तर कळलं की पावसाचं आणि नद्यांचं हलकं गोडं पाणी समुद्रावर सायीसारखं पसरतं आणि खालच्या पाण्याला हवा मिळू देत नाही, त्यामुळं खाली ऑक्सिजन संपत येतो. बघा, म्हणजे नदीचं पाणी समुद्राला नुसतं देतंच असं पण नाही, कधी गुदमरवतं पण. इतकं गुंतागुंतीचं नातं आहे ते, आणि आपण त्याला एका शब्दात उडवतो.

तर माझं म्हणणं ठोस आहे. केंद्रानं फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हादईच्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठी ‘प्रवाह’ नावाचं प्राधिकरण मंजूर केलं. टीएमसी मोजायला माणसं आणि यंत्रं लागतीलच. त्याच यंत्रणेकडं हे पण द्या : कणकुंबीला कळसा नाल्यावर एक, गोव्याची हद्द लागते तिथं एक, खांडेपार मिळते त्याच्या खाली एक, आणि मांडवीच्या तोंडाबाहेर समुद्रात एक बोया, म्हणजे जागेवर नांगरलेलं तरंगतं मोजणीयंत्र. नुसतं पाणी किती एवढंच नाही, त्यात नायट्रेट किती, सिलिका किती, गाळ किती, खारटपणा किती, आणि शेवटच्या ठिकाणी हरितद्रव्य किती. बोयाला ढगांचं काही नाही, तो जुलैच्या वादळात पण मोजत राहतो. ऑगस्टपासनं बोटी निघतात तेव्हा पाण्याचे नमुने आणायला गोव्याच्या मच्छीमारांना पैसे द्या, तेवढं समुद्र ओळखणारं दुसरं कोण आहे. आणि हे सगळं ओशनसॅटच्या आकड्यांबरोबर एका ठिकाणी लावा, दर महिन्याला, कन्नड, मराठी आणि कोकणीत. इंग्रजीतला साठ पानांचा अहवाल दोन वर्षांनी येतो तसा नको. खानापूरच्या पंचायतीच्या फळ्यावर पावसाचे मिलिमीटर लिहितात तसे हे चार आकडे लिहिले तर लोक वाचतील, आमच्याकडं लोक पावसाचा आकडा सोन्याच्या भावासारखा रोज विचारतात.

खर्चाचं म्हणाल तर, कालव्यांच्या आणि बोगद्यांच्या खर्चापुढं चार मोजणी ठिकाणांचा खर्च हिशोबात धरायच्या पण लायकीचा नाही.

यातनं आमच्या बाजूला पाणी कमी मिळेल अशी भीती काही जणांना वाटते, एका दोस्तानं तर मला सरळ विचारलं, तू गोव्याच्या बाजूचा आहेस का. मी खानापूरचा आहे. मोजणीत कदाचित असं पण निघेल की ऐन पुरात ३.९ टीएमसी काढल्यानं मांडवीच्या तोंडाशी काही फरक पडत नाही, मग अण्णांची बाजू आणखी भक्कम होईल आणि गोव्यातला सामान्य माणूस पण ते मान्य करेल, कारण आकडा त्याच्याच मच्छीमारानं आणलेला असेल. कदाचित असं निघेल की सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस सरताना काढलेलं पाणी महाग पडतं, मग काढायचे दिवस बदलता येतील. दोन्ही निघू शकतं. आज दोन्ही बाजू अंधारात भांडायलेत, आणि बेळगावात भांडताना आपण भाषेवरनं आधीच इतके थकलोय की पाण्यावर तरी एकाच आकड्याकडं बघून बोलता आलं तर बरं वाटेल.

गेल्या आठवड्यात मावशीकडं परत तारली घेतली. तिला म्हटलं, ही पालेभाजी आपल्या कणकुंबीच्या पाण्यावर पण थोडी वाढलेली असेल बघा. ती सुरी थांबवून बघत राहिली, म्हणाली, “आमी तर ऐकतोय ते पाणी वाया जातंय म्हणून,” आणि तारलीच्या पोटातला तो हिरवा लगदा बोटावर घेऊन उजेडाला धरला.